पाकिटावरची शिवी कोणाला लागते?

कोरेगाव तालुक्यातील एका तरुण उद्योजकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आई अनेक वर्षे घरी कांदा-लसूण मसाला करून ओळखीच्या लोकांना देत आल्या आहेत. आता आईच्या नावावर अन्नपरवाना काढून, २०० ग्रॅमच्या पाकिटातून, तोच मसाला साताऱ्यातील किराणा दुकानांत आणि व्हॉट्सॲपवरून मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना विकायचा आहे. पाकिटाची रचना करणाऱ्या मित्राने दर्शनी बाजूवर "खा की भाड्या, रडतोस काय!" ही ओळ सुचवली आहे. लोकांना गुळगुळीत जाहिरातींचा कंटाळा आला आहे आणि शिवी दिसली की लोक फोटो काढून पुढे पाठवतात, असे त्या मित्राचे म्हणणे आहे. प्रश्नकर्त्याला ओळ आवडली आहे, मात्र आईला ती अजून दाखवलेली नाही. शिव्या आणि रांगडी भाषा यांमुळे माल खरोखर खपतो का, असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली १९ वर्षे सांगलीत जाहिरातींचा मजकूर लिहिते. ग्राहक बहुतेक सांगली, मिरज, तासगाव, कराड आणि साताऱ्याचे. माल म्हणजे हळद, बेदाणा, भडंग, ठिबक सिंचनाचे साहित्य, शिकवण्या, लग्नाची कार्यालये. या अनुभवावरून आधी उत्तर सांगते आणि मग कारणे. रांगडी भाषा तुमच्या मसाल्याला निश्चित उपयोगी पडेल. ही शिवी, या पाकिटावर, तुमचे नुकसान करील.

मुळात तुमच्या प्रश्नात रांगडी भाषा आणि शिवी हे दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. दुकानाच्या फळीवर दहा मसाल्यांच्या शेजारी तुमचे अनोळखी पाकीट उभे राहणार आहे आणि त्यातून कोणीतरी जिवंत माणूस बोलतो आहे असे वाटले पाहिजे, ही तुमची खरी गरज आहे. ती अगदी रास्त आहे. "उत्कृष्ट दर्जा, पारंपरिक चव" असे छापलेले पाकीट कोणाच्याही लक्षात राहत नाही, हे तुमच्या मित्राचे निरीक्षण बरोबर आहे. पण जिवंतपणा हवा म्हणून त्याने हाताशी असलेली पहिली वस्तू उचलली आणि ती शिवी निघाली. जवळीक हवी होती, तिच्या जागी जवळीक असताना बोलला जाणारा शब्द आला. मित्र मित्राला शिवी देतो ती दोघांत पंधरा वर्षांची मैत्री असते म्हणून. आधी शिवी देऊन मागाहून मैत्री झाली, असे सहसा घडत नाही.

तुमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. बोरीचा बार म्हणून तो प्रसिद्ध आहे. तिथे शिव्या चालतात, इतकेच नव्हे तर त्यांची वाट पाहिली जाते. पण त्या चालतात कशामुळे, याचा मी लिहिणारी म्हणून पुष्कळ विचार केला आहे. दिवस ठरलेला आहे, जागा ठरलेली आहे, मध्ये ओढा आहे, आणि मुख्य म्हणजे समोरच्या काठावरच्या बाईलाही उलट शिवी देण्याचा तितकाच हक्क आहे. बार संपला की व्यवहार पुन्हा नेहमीचे होतात. पाकिटावरच्या ओळीला यातले काहीच नसते. ती वर्षाचे ३६५ दिवस, कोणाच्याही स्वयंपाकघरात, एकाच बाजूने बोलत राहते आणि वाचणाऱ्याला उत्तर देण्याची सोय नसते. तोंडी शिवीत आवाज असतो, डोळ्यांतले हसू असते, खांद्यावर पडलेला हात असतो. छापताना हे सगळे गळून जाते आणि शब्दाचा अर्थ तेवढा उरतो.

तो अर्थही एकदा पाहून घ्या. भाड्या किंवा भाडखाऊ म्हणजे घरच्या बाईला बाजारात बसवून तिच्या कमाईवर जगणारा पुरुष. बोलताना हे कोणाच्या मनातही येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु तुमच्या पाकिटावर आईचे नाव आहे, कृती आईची आहे, परवाना आईचा आहे आणि मसाला विकणार मुलगा आहे. अशा पाकिटावर नेमका हा शब्द येणे मला फार खटकले, म्हणून मी उत्तर लिहायला बसले.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका भडंग उत्पादकासाठी मी पाकिटाचा मजकूर लिहिला. मालकांचा आग्रह होता, आणि खरे सांगायचे तर मलाही त्या वेळी ते धाडस वाटले होते. वरच्या ओळीत "आईच्या हातची चव" आणि खाली मोठ्या अक्षरांत "आयच्या गावात, काय तिखट!" असे छापले. समाजमाध्यमांवर पहिल्या आठवड्यात भरपूर कौतुक झाले. महिन्याने विक्रेत्याबरोबर मी विश्रामबागेतल्या एका किराणा दुकानात गेले, तेव्हा आमची सर्व पाकिटे फळीवर पाठमोरी लावलेली दिसली. समोरून दिसत होते ते घटक पदार्थ, वजन, किंमत आणि उत्पादनाची तारीख. दुकानदारांना विचारले, तर ते अतिशय सौम्यपणे म्हणाले, "ताई, माल चांगला आहे, पण गल्ल्यावर माझी सून बसते. गिऱ्हाईक ते मोठ्यानं वाचतंय आणि तिच्याकडं बघून हसतंय." त्यांनी माल परत केला नव्हता, तक्रारीचा फोन केला नव्हता. फक्त पाकीट फिरवले होते. पुढच्या दोन दुकानांतही जवळजवळ हेच होते आणि एका ठिकाणी पाकिटे खालच्या फळीवर गेली होती. दुसऱ्या छपाईच्या वेळी आम्ही ती ओळ काढली.

त्या दिवसापासून मी मजकुराच्या बाबतीत वाचकांची यादी मोठी करून पाहते. मसाल्याचे पाकीट फक्त विकत घेणारा वाचत नाही. ते दुकानदार वाचतो, दुकानात बसलेली त्याची मुलगी किंवा सून वाचते, घरी गेल्यावर ते डब्यात रिकामे करणारी बाई वाचते आणि नुकतेच जोडाक्षर शिकलेले मूल तर ते मोठ्याने वाचते, कारण त्या वयाची मुले दिसेल ते वाचत सुटतात. यातल्या प्रत्येकाला नाही म्हणण्याचा मार्ग आहे आणि त्यांपैकी कोणीही तुम्हाला कळवणार नाही. ज्यांना ओळ आवडते ते फोटो पाठवतात, त्यामुळे त्यांची संख्या दिसते. ज्यांना आवडत नाही ते पाकीट फिरवतात, आणि ते मोजायला कोणी जात नाही. "शिवीमुळे चर्चा झाली" हे पुष्कळदा खरे असते. पण मसाल्याचा धंदा दुसऱ्या पाकिटावर चालतो, पहिल्यावर नाही. पहिले पाकीट कुतूहलाने जाईल, दुसऱ्याच्या वेळी घरात निर्णय कोण घेते हे तुम्हाला माहीत आहे.

तरीही शिवीसारखा शब्द मी कधीच वापरत नाही असे नाही, आणि हे परिस्थितीवर कसे अवलंबून असते ते दाखवण्यासाठी उलट बाजूचा एक अनुभव सांगते. तासगाव भागातील एका पंपाच्या मोटारींचे रिवायंडिंग करणाऱ्या, म्हणजे जळालेली मोटार नव्या तारेने भरून देणाऱ्या कारागिराला शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत टाकण्यासाठी मजकूर हवा होता. द्राक्षबागेला पाणी द्यायची वेळ, रात्रीच्या पाळीची वीज, आणि तीनपैकी एक फेज गेल्यामुळे जळालेली मोटार, हा प्रसंग इथल्या प्रत्येक बागायतदाराने भोगलेला असतो. मी पहिली ओळ लिहिली, "च्यायला, परत मोटार जळली?" आणि त्याखाली अगदी साध्या प्रमाण भाषेत, मोटार किती तासांत भरून मिळेल, तोपर्यंत बदली मोटार मिळेल का, आणि सिंगल फेजिंगपासून संरक्षण देणारा प्रिव्हेंटर बसवायला किती खर्च येईल, ते दिले. ती ओळ उत्तम चालली. त्या कारागिराला आजही लोक तीच ओळ म्हणत फोन करतात.

भडंगाच्या आणि मोटारीच्या ओळींत फरक कशाचा होता, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. पहिला फरक असा की मोटारीच्या ओळीतला शब्द वाचकाला उद्देशून नाही. तो वाचकावर आलेल्या संकटाला उद्देशून आहे. रात्री दोन वाजता विहिरीवर उभा असलेला माणूस तोच शब्द स्वतः उच्चारतो, आम्ही फक्त त्याच्या बाजूला उभे राहून तो पुन्हा म्हटला. तुमच्या मित्राच्या ओळीत मात्र शिवी थेट गिऱ्हाइकाला आहे. दुसरा फरक म्हणजे तो संदेश एकाच प्रकारच्या माणसांच्या, एकाच अडचणीच्या गटात गेला. तिथे सून गल्ल्यावर बसलेली नव्हती. तिसरी बाब शब्दाच्या जातकुळीची. च्यायला हा शब्द "तुझ्या आईला" यापासून झिजत आला असला, तरी आता तो बहुतेकांच्या तोंडी नुसता उद्गार म्हणून राहिला आहे. बहुतेकांच्या म्हणते, कारण माझ्या सासूबाईंना त्यात अजूनही आई ऐकू येते, आणि त्यांच्या वयाच्या ग्राहकासाठी लिहिताना मी तो वापरत नाही.

मराठीत या शब्दांच्या पायऱ्या पुष्कळ आहेत आणि त्या एकाच पोत्यात भरू नयेत. आयला, च्यामारी हे झिजलेले उद्गार झाले. मेल्या, मुडद्या हे शब्द म्हाताऱ्या बायका नातवंडांना लाडाने म्हणतात आणि शेजाऱ्याला रागाने म्हणतात. छापील मजकुरात ते आजीच्या तोंडी असतील तरच गोड लागतात. आई-बहिणीवरून आणि शरीरावरून दिलेल्या शिव्या मी विक्रीच्या मजकुरात घेत नाही. आणि एक प्रकार असा आहे की त्याबद्दल मी ग्राहकाशी चर्चाच करीत नाही, तो म्हणजे जातीच्या नावांचा शिवीसारखा वापर. आपल्या बोलण्यात असे शब्द इतके मुरलेले आहेत की लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एखाद्याच्या अस्वच्छतेसाठी, कंजूषपणासाठी, भांडकुदळपणासाठी सहज एखाद्या जातीचे नाव येते. माझ्याकडे आलेल्या मसुद्यात असा शब्द दिसला तर तो काढल्याशिवाय मी पुढे जात नाही. त्यामागे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हे एक कारण आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केले असते.

फुल्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी पुढची सूचना तीच येणार म्हणून सांगून ठेवते. "भा*" असे छापल्याने ज्यांना शिवी नको आहे त्यांना ती कळतेच, आणि ज्यांना हवी आहे त्यांना तुम्ही घाबरलात हे कळते.

कायद्याविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी एका वेब मालिकेच्या प्रकरणात स्पष्ट केले की शिव्या आणि असभ्य भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता होत नाही. त्यामुळे केवळ या ओळीमुळे तुरुंगात जावे लागेल, अशी भीती मी घालणार नाही. परंतु तो निर्णय मालिकेतील संवादांविषयी होता, स्वयंपाकघरातल्या पाकिटाविषयी नव्हता. जाहिरात क्षेत्राने स्वतःहून स्थापन केलेली भारतीय जाहिरात मानक परिषद १९८५ पासून काम करीत आहे आणि तिच्या आचारसंहितेत सार्वजनिक सभ्यतेला धक्का देणाऱ्या जाहिरातींबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे. कोणी तक्रार केली, तर परवान्यावर ज्यांचे नाव आहे त्यांना उत्तरे द्यावी लागतात. तुमच्या बाबतीत ते नाव आईचे आहे.

माध्यमांचा अडथळा मला कायद्यापेक्षा मोठा वाटतो. गूगलच्या जाहिरात धोरणात असभ्य भाषेला मनाई आहे, त्यामुळे पाकिटाचा फोटो घालून जाहिरात केलीत तर ती नाकारली जाऊ शकते. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेतून मोठ्या प्रमाणावर संदेश पाठवायचे असतील तर त्यांचे साचे आधी मंजूर करून घ्यावे लागतात, आणि लोकांनी तुमचा क्रमांक ब्लॉक केला किंवा तक्रार नोंदवली तर त्या क्रमांकाची प्रत घसरते. साध्या प्रसारण यादीतून पाठवलेत तर ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. म्हणजे ज्याने आपणहून तुम्हाला घरात घेतले आहे, त्यालाच तुम्ही शिवी देणार.

आता रांगड्या भाषेकडे येते, कारण तुमची खरी कमाई तिथे आहे आणि मला इथे थोडे सविस्तर बोलायचे आहे. सातारा जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुंबईत आणि नवी मुंबईत माथाडी कामाच्या निमित्ताने स्थायिक झाली. खानापूर-आटपाडी-विट्याचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरले. दक्षिणेतल्या एखाद्या शहरात राहणारे विट्याचे कुटुंब मसाला मागवते, तेव्हा ते चवीबरोबर गावाकडचा आवाजही मागवत असते. त्यांच्यासाठी "आमटीला कसा कट येतोय बघा" हे वाक्य "उत्तम तर्रीदार रंग" यापेक्षा कितीतरी जवळचे आहे. अशी भाषा कोणालाही दुखावत नाही आणि दुकानदाराला पाकीट फिरवावेसे वाटत नाही.

मात्र बोली छापताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे ती तुमचीच असली पाहिजे. माण-खटावचे बोलणे, कराड-पाटणचे बोलणे आणि कानडीच्या शेजारातले जतचे बोलणे यांत फरक आहे. पुण्यातील एखादा लेखक सगळीकडे "हाय", "न्हाय", "लई" पेरतो, तेव्हा इथल्या माणसाला ती आपली भाषा न वाटता आपली नक्कल वाटते, आणि नक्कल हा शिवीइतकाच अपमान असतो. दुसरे म्हणजे बोली एका-दोन ओळींतच ठेवावी. घटक पदार्थ, वजन, किंमत, तारीख, पैसे कसे भरायचे, पाकीट फुटलेले आले तर काय करायचे, हे सारे स्वच्छ प्रमाण भाषेत लिहावे, कारण पैशाच्या ठिकाणी लोकांना गंमत नको असते. संबोधनाच्या बाबतीत मी साधारणपणे अहो-जाहोच ठेवते. आपल्याकडे रांगडा माणूसही अनोळखी गिऱ्हाइकाला "या की, बसा की" असेच म्हणतो. अरे-तुरे हा रांगडेपणा आहे, हा शहरातून आलेला समज आहे.

शिवीचा एखादा खास ग्राहक असतो, हेही मान्य केले पाहिजे. महाविद्यालयीन मुलांसाठी टी-शर्ट, मोटारसायकलवर लावायचे स्टिकर, विनोदी कार्यक्रमाची तिकिटे अशा वस्तूंत मी तुम्हाला इतके अडवले नसते. तिथे शिवी हाच माल असतो. विकत घेणारा ती स्वतःच्या छातीवर मिरवतो आणि तिची जबाबदारीही घेतो. उद्या तुम्ही मसाल्याबरोबर तरुणांसाठी वेगळा अतितिखट ठेचा काढलात आणि तो फक्त इंटरनेटवरून विकलात, तर हा विचार पुन्हा करता येईल, तेव्हाही शिवी गिऱ्हाइकाकडे नव्हे तर ठेच्याकडे वळवलेली असावी.

तुमच्या मित्राच्या ओळीत एक चांगली गोष्ट आहे, ती सोडू नका. मसाला इतका तिखट आहे की डोळ्यांत पाणी येते, हे त्याला सांगायचे आहे. ते सांगण्यासाठी तुमच्याकडे डंकाचा, म्हणजे मसाला कुटण्याच्या यंत्राचा, अख्खा प्रसंग आहे. उन्हाळ्यात मिरची, धने, खोबरे, तीळ भाजून डंकावर कुटायला नेतात, तेव्हा दारात उभ्या असलेल्या बाईला ठसका लागतो आणि ती पदर नाकाला लावूनच नंबर धरते. यातून मी मसुदा म्हणून अशी ओळ लिहीन: "डंकावरच ठसका लागलाय. चमचा जपून घाला, तांब्या जवळ ठेवा." यात तिखटपणा आहे, काळजी आहे, आणि बोलणारी बाई दिसते. ही ओळ अंतिम आहे असे मी म्हणत नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्हाला तुमच्या आईची हवी आहे.

म्हणून छपाईला टाकण्याआधी एवढे करा. पाकिटे छापताना दर्शनी ओळीची जागा कोरी ठेवा आणि ती ओळ वेगळ्या स्टिकरवर छापून चिकटवा, म्हणजे चूक झाली तर खर्च थोडक्यात आटोपेल. दोन वेगळ्या ओळींची शंभर-शंभर पाकिटे तीन दुकानांत ठेवा आणि महिनाभराने स्वतः जाऊन फळी पाहा. पाकिटे समोर तोंड करून आहेत का, कोणत्या उंचीवर आहेत, आणि तेच गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आले का, हे दुकानदाराला विचारा. मित्राची ओळ अजूनही आवडत असेल, तर ती आधी आईसमोर मोठ्याने वाचा. त्या काही बोलल्या नाहीत तरी त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष असू द्या.

आणि पुढच्या वेळी आई मिरची भाजायला घेतील तेव्हा मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करून तो खिडकीत ठेवून द्या, शक्यतो शेजारच्या काकू मदतीला आलेल्या असताना. पहिला अर्धा तास त्या मोबाईलकडे बघून जपून बोलतील. मग विसरतील, आणि कढईजवळ जे बोलणे होईल त्यातली पाच-सहा वाक्ये जशीच्या तशी लिहून मला पाठवा. त्यांतून ओळ निवडायला मी मदत करीन.